चारुलताचे कठडे

रनाळ्याच्या भिकनभाऊंच्या मते जगात भाड्याने जाणाऱ्या वस्तू दोनच प्रकारच्या. पाहुणा जिच्यावर बसतो ती, आणि पाहुणा जिच्यात जेवतो ती. खुर्च्या, गाद्या, ताटं, पातेली, आणि या सगळ्यांवर सावली धरायला कापडी मंडप. वडिलांच्या नावाने चाललेलं 'अमृत मंडप डेकोरेटर्स' एवढ्या शहाणपणावर इतकी वर्षं नीट उभं होतं. म्हणून धाकट्या भावाची बायको, चारुलता, सुरतेच्या एका गुंडाळलेल्या प्रदर्शनातून ट्रकभर लोखंडी कठडे आणि कचऱ्यासाठी झाकणाचे निळे-हिरवे ड्रम घेऊन अंगणात उतरली, तेव्हा हा माल कोणत्या खात्यात मांडावा हेच भिकनभाऊंना कळेना. कठड्यावर कोणी बसत नाही आणि ड्रमात कोणी जेवत नाही.

"उमाकांत," ते भावाला म्हणाले, "तुन्ही बायकोले इचार, कोंडवाडा काढाना शे का?"

चारुलता तिथेच, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर उभी होती. पण जेठ, म्हणजे थोरला दीर, आणि भावजय थेट बोलत नसत. घरातली रीतच तशी. चारुलताचं लग्न होऊन मुलगी कॉलेजात गेली तरी दोघांमधली प्रत्येक गोष्ट उमाकांतमार्फत जायची. भाजीत मीठ कमी असलं तरी उमाकांतला कळवायचं आणि भाजी नको असली तरी उमाकांतलाच. तो बिचारा दोन्हीकडून ऐकून दोन्हीकडे थोडं सौम्य करून पोचवायचा. त्या घरात शांतता होती ती त्याच्या भाषांतरामुळे.

"त्यांना म्हणावं," चारुलता उमाकांतकडे बघत म्हणाली, "आजकाल सभा, जत्रा, भरतीचे मेळावे, दुकानांची उद्घाटनं, सगळ्यांना कठडे लागतात. धुळ्याहून मागवतात. आपण काय फक्त चमचे मोजत बसायचं?"

"जिभाऊ, ती म्हणस, मांगनी शे," उमाकांतने पोचवलं.

"मांगनी!" भिकनभाऊ हसले. "लोकेसले मंडप लागस, खुर्ची लागस. कठडा कोनले लागस? ज्याले चालता येत नही त्याले."

चारुलताला गर्दीबद्दल एक गोष्ट ठाऊक होती जी भिकनभाऊंना ठाऊक नव्हती. ते लग्नात दारावर उभे राहून मानपान घ्यायचे आणि ती मागे पंगतीपाशी असायची. दुसऱ्या पंगतीचे लोक पहिल्या पंगतीच्या पाठीशी येऊन कसे उभे राहतात, जेवणाऱ्याच्या ताटात बघत त्याचा घास कसा मोजतात, हे तिने उभं आयुष्य पाहिलं होतं. तिचा हिशेब असा, की ढकलाढकली भुकेला माणूस करत नाही. ज्याला आपली पाळी यायच्या आत बुंदी संपेल असं वाटतं, तो करतो. त्याला एकदा जागा दाखवली, की तो निम्मा जेवल्यासारखा शांत होतो.

पण हे शहाणपण सांगायला गिऱ्हाईक लागतं. ते उन्हाळ्यात आलं नाही, दिवाळीत आलं नाही. कठडे अंगणात रचलेले राहिले आणि शेजारच्या बाया त्यांच्यावर गोधड्या वाळत घालू लागल्या. "चारू, तुना कठडा भारी शे व," त्या म्हणायच्या, "दोरी बांधानी गरज नही." भिकनभाऊ ते ऐकून मिशीत हसायचे. एका बाईने तर गोधडीचं भाडं किती म्हणून विचारलं.

पौषात मात्र विसरवाडीपलीकडच्या उमरदऱ्याहून दिलवरसिंग आला. उमरदऱ्याला दरवर्षी सुगीनंतर कणसरी मायची जत्रा भरते. कणसरी म्हणजे धान्याची देवी. डोंगरातले सगळे पाडे नवं धान्य टोपलीत घालून, टोपली डोक्यावर घेऊन, ढोल वाजवत तिच्याकडे येतात. दिलवरसिंग त्या जत्रेच्या समितीचा कारभारी. पोरगेलासा चेहरा, अंगात जाकीट, खिशात दोन मोबाइल. एक जत्रेचा आणि एक घरच्यांचा, आणि दोन्ही सारखेच वाजणारे.

"मंडप नेहमीचाच," तो म्हणाला. "पण यंदा एक भानगड आहे भाऊ. मागच्या वर्षी देवळाच्या तोंडाशी रेटारेटी झाली. एका म्हातारीचा हात मोडला. आता परवानगी देताना साहेब म्हणाले, गर्दीला कठडे पाहिजेत, कचऱ्याला डबे पाहिजेत, नाहीतर पुढच्या वर्षी जत्राच नाही."

भिकनभाऊंनी छताकडे बघितलं. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज थांबला.

"अहो," आतून चारुलताचा आवाज आला, "त्यांना सांगा, कठडे आहेत. डबे पण आहेत. आणि लावून द्यायला माणूस पण आहे."

"माणूस कोण?" दिलवरसिंगने भोळेपणाने विचारलं.

"मी."

तो गेल्यावर भिकनभाऊंनी उमाकांतला बसवलं आणि दाराकडे तोंड करून, म्हणजे आत नीट ऐकू जाईल असं, अट सांगितली. "ह्या एक जत्रापुरतं तिन्हं चालू दे. काम नीट व्हयनं, तर कठड्यासनं दुकान तिन्हं. गिऱ्हाईक ती करी, भाव ती ठरावी, मी एक शब्द बोलावू नही. पन एक तक्रार उनी, का लोखंड भंगारमा, आनी मंग तिनी पंगतना चमचा मोजाना. पक्कं?"

उमाकांत आत पोचवायला उठला, तेवढ्यात आतून उत्तर आलं. "पक्कं म्हणावं."

या कामात त्याची गरज कमी होऊ लागली होती, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

*

जत्रेच्या आदल्या दिवशी उमरदऱ्याच्या पटांगणात चारुलताने कठडे लावले, ते एका मोठ्या देवस्थानासारखे. ती मागे सहलीला गेली होती तेव्हा तिने तिथली दर्शनरांग पाहिली होती. साप वेटोळं घालतो तशी, इकडून तिकडे, तिकडून इकडे, माणसामागे माणूस. कठड्याच्या एका बाजूला हूक, दुसऱ्या बाजूला कडी. हूक कडीत पडला की टण्ण आवाज व्हायचा आणि प्रत्येक आवाजाला तिच्या छातीत काहीतरी जागेवर बसायचं. ड्रम तिने स्वतः धुतले, फडक्याने पुसले, झाकणं लावली आणि वाटेच्या दोन्ही अंगांनी उभे केले. निळे-हिरवे ड्रम उन्हात असे चमकू लागले की उमाकांत म्हणाला, "चारू, ह्यात कचरा टाकवणार नाही गं कोणाला." ती खूश झाली. हे कौतुक नसून इशारा होता, हे दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

दिलवरसिंग सगळं फिरून बघून आला. "छान झालंय ताई," तो म्हणाला. मग थोडा थांबला. "थोडं अरुंद नाही का?"

"अरुंदच पाहिजे. रुंद केलं की शिस्त गेली."

"ते आहेच," तो म्हणाला आणि त्याचा घरचा फोन वाजला म्हणून निघून गेला.

त्याची आई तुळशीबाई मात्र गेली नाही. ती वेटोळ्याच्या तोंडाशी उभी राहून आत वाकून बघत होती. मागच्या वर्षी मोडलेला हात तिचाच. तिने आपल्या बोलीत काहीतरी विचारलं. चारुलताला दोनच शब्द कळले, ते पुरेसे होते. म्हातारी विचारत होती की गुरं कोणाची येणार आहेत.

चारुलता हसली आणि मान हलवली. मोठ्या देवस्थानी चालतं, ते इथे का चालू नये?

*

सकाळी पहिला ढोल डोंगराच्या उतारावरून ऐकू आला तेव्हा भिकनभाऊही हजर होते. "मंडप दखाले उनू," ते उमाकांतला म्हणाले. मंडपाकडे मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही. वेटोळं बरोबर समोर दिसेल अशी खुर्ची त्यांनी निवडली होती.

पहिला पाडा आला. पुढे ढोल, त्यामागे पावरी वाजवणारा, मग बाया एकमेकींच्या कमरेत हात घालून सरळ ओळीत नाचत, मग डोक्यावर धान्याच्या टोपल्या घेतलेली माणसं. दोन्ही हात टोपलीला. मागे पोरं, म्हातारे, पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे. सगळे एका ठेक्यात वेटोळ्याच्या तोंडापर्यंत आले आणि थांबले.

ढोल वाजत राहिला. पाय जागच्या जागी नाचत राहिले. आत कोणी गेलं नाही.

"या, या," चारुलता हाताने दाखवू लागली. "एकेक करून. एकामागे एक."

कोणी हललं नाही. ढोलवाल्याने कठड्यांच्या मधली फट बघितली, मग आपला ढोल बघितला. टोपलीवाल्या बाईने पहिलं वळण नजरेने मोजलं. डोक्यावरची टोपली घेऊन तिथे वळायचं तर आधी टोपली हातात घ्यावी लागणार होती. आणि मायकडे निघालेली टोपली दारात पोचेपर्यंत डोक्यावरून उतरत नाही.

तोवर दुसरा पाडा उतारावरून आला आणि पहिल्याच्या पाठीला लागला. तिसरा आला. विसरवाडीहून येणाऱ्या टेम्पोंनी आणखी माणसं ओतली. मागच्यांना पुढे काय अडलं ते दिसत नव्हतं. फक्त ढोल वाजतोय आणि पुढे सरकत नाही, एवढंच कळत होतं. ही चारुलताच्या ओळखीची गर्दी होती. बुंदी संपणार असं वाटणारी.

एका टोपलीचा तोल गेला. कोणीतरी ती वरच्या वर धरली. थोडी ज्वारी सांडली आणि बायांमधून एक आवाज उठला, रागाचा नाही, भीतीचा. बंदोबस्ताला आलेल्या फौजदाराने शिट्टी मारली. शिट्टीने डोंगरातली माणसं मागे सरत नाहीत, उलट काय झालं ते बघायला पुढे येतात.

"दिलवरसिंग!" चारुलताने हाक मारली. "हे आत का जात नाहीत?"

दिलवरसिंगचा चेहरा उतरला होता. "ताई, काल सांगायला पाहिजे होतं. तुम्ही इतक्या मेहनतीने..." तो अडखळला. त्याच्यामागून तुळशीबाई पुढे आली. तिने आपल्या बोलीत दोन वाक्यं सांगितली. दिलवरसिंगने खाली बघत त्याचं मराठी केलं.

"आई म्हणते, एकेकटा माणूस कोर्टात जातो. नाहीतर दवाखान्यात. मायकडे पाडा जातो."

चारुलताने वेटोळ्याकडे पाहिलं. तिच्या डोक्यात ते मोठं देवस्थान होतं, तिथली मुकाट्याने सरकणारी माणसं होती. त्यांच्यातलं कोणी कोणाचं नव्हतं. आपण माणसं न बघता रांग आणली, हे तिला लख्ख दिसलं. दुसऱ्याच्या लग्नाचं आमंत्रण छापून आपल्या लग्नात वाटल्यासारखं. भिकनभाऊ खुर्चीतून उठून उभे राहिले होते. नीट दिसावं म्हणून.

आणि मग तिला पंगत दिसली.

पंगतीत कोण एकेक जेवतो? घर बसतं. भावकी बसते. बसलेली पंगत उठली की दुसरी अख्खी बसते आणि तोवर दुसरीला दिसेल अशी जागा द्यायची. हे तिला झोपेत करता आलं असतं.

"अहो!" ती ओरडली. "मधले सगळे आडवे कठडे काढा! फक्त बाहेरचे ठेवा! मोठे चौकोन करायचे, खळ्याएवढे! एका चौकोनात एक पाडा, ढोलासकट!"

उमाकांत आणि मांडवाचे गडी धावले. टण्ण, टण्ण, हूक निघू लागले. पण मागचा रेटा वाढत होता आणि बाहेरच्या कठड्याचं लांबचं टोक डगमगू लागलं होतं. ते टोक पडलं असतं तर टोपल्यांसकट बायांची अख्खी ओळ त्यावर गेली असती. गडी सगळे आत. उमाकांत आत. त्या टोकाच्या सगळ्यात जवळ एकच माणूस उभा होता, पांढऱ्या शर्टात, हात मागे बांधून.

चारुलताने मध्ये कोणालाही घातलं नाही.

"जिभाऊ! ते टोक धरा! आत्ता!"

भिकनभाऊंनी आधी इकडेतिकडे पाहिलं. आपल्याशी कोणी बोललं यावर त्यांचा विश्वास बसेना. लग्नापासून या बाईचा आवाज त्यांनी भिंतीपलीकडून ऐकला होता, उमाकांतच्या तोंडून ऐकला होता. असा सरळ अंगावर आलेला पहिल्यांदाच. त्यांचं तोंड उघडलं ते बहुधा रीत सांगायला. पण पाय आधीच निघाले होते. त्यांनी टोक धरलं, खांदा लावला आणि पांढऱ्या शर्टाला गंजाचा लांब पट्टा उमटला.

"पाय रोवा!" चारुलता ओरडली.

त्यांनी पाय रोवले.

देवळापर्यंत आता एकामागे एक मोठे चौकोन झाले. चारुलताने पहिल्या चौकोनाचा कठडा दारासारखा उघडला आणि बाजूला उभी राहून दोन्ही हात पसरले, पंगतीला बोलावतात तसे.

"या! अख्खा पाडा या! ढोल आधी!"

ढोलवाल्याने फट बघितली. ती फट आता राहिली नव्हती. त्याने टिपरी उंच केली, ठेका बदलला आणि पहिला पाडा कमरेत हात घातलेल्या ओळीसकट, एकही हात न सोडवता, नाचतच आत शिरला. मागे कठडा लागला. टण्ण. दुसरा चौकोन उघडला. पहिला पाडा पुढे, दुसरा आत. दिलवरसिंगने माईक हातात घेतला आणि पाड्यांची नावं पुकारू लागला. आपलं नाव ऐकलं की मागे गर्दीत कुठेतरी एकदम ढोल गरजायचा आणि बाकीचे हसून वाट द्यायचे. आपली पाळी कुठली ते प्रत्येकाला दिसत होतं. आणि चौकोनात उभं राहणं म्हणजे थांबणं नव्हतंच. आत नाचायला जागा होती, भोवती बघणारे होते, आणि पुढच्या पाड्याचा ढोल आपल्याला ऐकू जातो तर आपला त्याला गेलाच पाहिजे, ही ईर्षा होती. थोड्याच वेळात असं झालं की पुढचा चौकोन रिकामा झाला तरी आतले लोक निघेनात. "पुढे चला!" म्हणून चारुलतालाच मागे लागावं लागलं. "पंगत उठली! उठा आता! मागे लोक उभे आहेत!"

तुळशीबाईचा पाडा आला तेव्हा म्हातारी ओळीच्या टोकाला होती. मोडून सांधलेला हात शेजारणीच्या कमरेत. आत शिरताना तिने कठड्यावर दुसऱ्या हाताने थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी, आणि चारुलताकडे बघून बोळक्या तोंडाने हसली.

फौजदाराने शिट्टी खिशात घातली आणि मोबाइल काढून चित्रण करू लागला.

*

दुपारी उमाकांत धावत आला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते वाचता येईना.

"चारू, ड्रम भरी गयात."

"आत्ताच? बघा!" तिने वळून भिकनभाऊंना ऐकू जाईल असं म्हटलं. ते अजून त्या टोकापाशीच होते. मघाचा रेटा ओसरून बराच वेळ झाला होता, पण धर म्हटलं होतं आणि सोड कोणी म्हटलं नव्हतं. "शिस्त लावली की लोक पाळतात."

"पन कचरा नही त्यामा," उमाकांत म्हणाला. "दाना शे."

ती धावत गेली. पहिल्या ड्रमचं झाकण उघडलं. आत ज्वारी. दुसऱ्यात तांदूळ, वर एक नारळ. तिसऱ्यात तूर, त्यावर कोणीतरी झेंडूचं फूल ठेवलेलं. वाटेवर मात्र वेफर्सची पाकिटं, उसाचा चोथा आणि भज्यांचे कागद पसरले होते.

तिने कपाळाला हात लावला. आणि मग तिला हसू फुटलं, पोट धरून. मायच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी धुतलेली, पुसलेली, झाकणाची कोरी भांडी मांडली तर माणूस त्यात काय टाकेल? ड्रम इतके स्वच्छ तिनेच केले होते. चूक कोणाच्या खात्यात टाकायची यावर वाद नव्हता.

"धान्य सगळं पोत्यात भरा आणि देवळात द्या," ती म्हणाली. "मायचं मायला. आणि झाकणं काढून टाका."

"झाकणं काढी टाकी तरी काय व्हई? नवं भांडं शे. त्यामा कोनी उष्टं टाकाव नही."

"मग उष्टं करायला पाहिजे," चारुलता म्हणाली. "सगळ्यांच्या देखत."

तिने आजूबाजूला पाहिलं. हे काम कोणा ऐऱ्यागैऱ्याचं नव्हतं. पाहणाऱ्यांना वाटलं पाहिजे की वजनदार माणूस टाकतोय म्हणजे टाकायचंच आहे. पांढरा शर्ट, जाड मिशी, बोटात अंगठी. असा एकच होता.

"जिभाऊ, टोक सोडा आता. ऊस खायचाय."

"माले?"

"तुम्हाला. वाटेच्या मध्ये उभं राहून. आणि चोथा ड्रममध्ये टाकायचा, हात उंच करून, लांबून दिसेल असा."

"मी काय नाटकमा काम करसू का?" भिकनभाऊ म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण भावजयीला थेट उत्तर दिलं. मध्ये उमाकांत नव्हता. तो पोत्यात तूर भरत होता. आता रीत मोडलीच होती, तर ऊस खायला काय हरकत. सकाळपासून त्यांच्या पोटातही काही नव्हतं.

उसाचं कांडं आलं. भिकनभाऊ वाटेच्या मधोमध उभे राहिले आणि खाऊ लागले. पहिला चोथा त्यांनी लाजत टाकला. दुसरा जरा उंचावरून. तिसऱ्याला त्यांनी घसा खाकरला, ड्रमकडे बोट दाखवलं आणि मोठ्याने म्हणाले, "आठे! कचरा आठे!" तीन-चार पोरं थांबून बघू लागली. एकाने हातातलं पाकीट लांबून फेकलं. नेम चुकला. "उचल!" भिकनभाऊ गरजले. "जवळ जाय, मंग टाक!" पोराने टाकलं. बाकीच्यांना हा खेळ वाटला. एका बाईने भज्यांचा कागद टाकला आणि विचारलं, "बाबा, तुम्ही सरकारी का?" भिकनभाऊंनी नाही म्हटलं नाही.

मग ते ड्रमामागे ड्रम उष्टे करत निघाले. उसावरून बोरांवर आले, बोरांवरून भाजलेल्या शेंगांवर. शेवटच्या ड्रमापर्यंत त्यांना जेवणाची गरज उरली नव्हती. माणसाला मानाचं काम दिलं की तो ते स्वतःहून मोठं करतो, हे चारुलताने लग्नांमध्ये पाहिलं होतं. पण घरच्या माणसावर ते कधी वापरून बघितलं नव्हतं.

*

उन्हं कलली तेव्हा शेवटचा पाडा मायच्या दारातून बाहेर पडत होता. दिवसभरात कोणी पडलं नव्हतं, कोणाचं पोर हरवलं नव्हतं. एक चप्पल हरवली होती. ती भिकनभाऊंची होती, तेव्हा त्याची तक्रार करणार कोण? पटांगण असं होतं की फौजदाराने पाणी पिऊन बाटली कुठे टाकू म्हणून विचारलं, आणि विचारलं म्हणून स्वतःच हसला. परवानगी देणाऱ्या साहेबांना त्याने चित्रण आधीच पाठवलं होतं. उत्तरात नुसता अंगठा आला होता, पण सरकारी अंगठा.

दिलवरसिंग माईकवर गेला. "पुढच्या वर्षीची जत्रा," तो म्हणाला आणि एवढ्यावरच टाळ्या पडल्या, कारण पुढच्या वर्षी आहे हेच मोठं होतं. "पुढच्या वर्षीही कठडे आणि कचऱ्याचं काम रनाळ्याच्या चारुलताताईंकडे! आणि त्यांच्याकडच्या त्या मोठ्या बाबांनी पण यायचं!" मोठ्या बाबांनी शर्टावरचा गंज झटकायचा प्रयत्न केला. तो निघाला नाही.

तुळशीबाईने आपल्या टोपलीतलं मूठभर मायचं धान्य आणून चारुलताच्या पदरात घातलं. तिथे मराठी करायला कोणी लागलं नाही.

गडी कठडे सोडवायला लागले, पण मधल्या एका चौकोनात तीन पाड्यांचे ढोल एकत्र जमले होते आणि तिथली माणसं निघायला तयार नव्हती. उमाकांत दोनदा सांगून आला. तिसऱ्यांदा गेला तो परत आलाच नाही. बघितलं तर तोही ओळीत, कोणाच्या तरी कमरेत हात, पाय चुकीचे, तोंड भरून हसू. चारुलताने गड्यांना थांबायला सांगितलं. आपल्याच लोखंडाच्या बाहेर उभी राहून ती आपलंच लोखंड मोकळं व्हायची वाट बघत होती, आणि आजवरच्या कुठल्याच वाट बघण्यात तिला इतकी मजा आली नव्हती.

तेवढ्यात चिंचपाड्याकडचे दोन जण आले. डोक्यावर टोपी, हातात डायरी. तिकडच्या एका यात्रेचे पुढारी असावेत. ते सरळ पांढऱ्या शर्टाकडे गेले. पुढारी नेहमी पांढऱ्या शर्टाकडेच जातात.

"भाऊ, कठड्याचं काम फार छान. आमच्याकडे माघात यात्रा असते. भाव काय तुमचा?"

चारुलता ऐकत होती. भिकनभाऊंनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि टरफल नीट ड्रममध्ये टाकलं. मग हाताने लांब, कठड्याला टेकून उभ्या असलेल्या भावजयीकडे दाखवलं.

"माले काय इचारतस? दुकान तिन्हं शे. मी आठे ऊस खावाले येस."

दोघे पुढारी गोंधळून तिच्याकडे वळले.

"ताई, भाव..."

"भाव सांगते," चारुलता म्हणाली. "आधी मला तुमची यात्रा दाखवा. माणसं कशी येतात, डोक्यावर काय असतं, कोण कोणाचा हात धरून चालतं, ते बघेन. मग कठडे कसे लावायचे ते सांगेन. आणि मग भाव."

"बघायला कोण येणार, साहेब येतील का तुमचे?" त्यांनी परत पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं.

"मी येणार," चारुलता म्हणाली. मग आवाज चढवून, मध्ये कोणालाही न घालता, तिने हाक मारली. "जिभाऊ! चिंचपाड्याकडे जायचंय. माघात तारीख मोकळी ठेवा!"

"ठेवसू, ठेवसू," भिकनभाऊ शेंग फोडत म्हणाले. "पन आते शर्ट काळा घालसू."

चौकोनात ढोल पुन्हा चढला.